लायसनवरचा बोजा



आमचे येडशी हे रस्त्याचे गाव. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो आणि बार्शी-लातूरचा रस्ता त्याला इथेच येऊन मिळतो. एकेकाळी इथून बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. धावायची म्हणजे चालायचीच. तिला घाई ठाऊक नव्हती आणि तिच्यात बसणाऱ्यालाही नव्हती. आता रेल्वे मोठ्या रुळांवर आली. सोलापूर ते येडशी आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर असा चारपदरी रस्ता झाला. रात्री अंगणात बाज टाकून पडले की टायरांचा आवाज ओढ्याच्या पाण्यासारखा अखंड कानावर येतो.

रस्ता रुंद झाला तसा वस्तीतल्या पोरांचा धंदाही बदलला. बाप दुसऱ्याच्या रानात सालाने राहिले, आया खुरप्याला गेल्या. पोरे मात्र स्टेअरिंगवर बसली. कुणी पिकअपवर, कुणी आयशरवर, कुणी काळ्या-पिवळ्या जीपवर. माल किंवा प्रवासी वाहून नेणारी गाडी चालवायचे लायसन मिळवायला पूर्वी आठवी पास असावे लागे. २०१९ साली केंद्र सरकारने ती अट काढली, तेव्हा सहावी-सातवीतून शाळा सुटलेल्या कितीतरी पोरांना रीतसर लायसन काढायची वाट मोकळी झाली. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा सातबारा म्हणजे खिशातले लायसन, असे आम्ही उभयता नेहमी म्हणतो. त्यावरच घर चालते, बचत गटाचा हप्ता जातो, पोरांची फी भरली जाते.

आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जसा कर्जाचा बोजा चढतो, तसा या लायसनवरही बोजा चढतो. तो कसा चढतो, कोणामुळे चढतो आणि कोणाच्या नावावर चढतो, हे आमच्या घरात गेल्या वर्षी कळले. ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहीत आहोत.

आमचा पुतण्या सहा वर्षे आयशर चालवतो. मालक दुसरा, गाडी दुसऱ्याची, मेहनत याची. आसपासच्या गावांतून कांदा आणि भाजीपाला भरायचा आणि सोलापूरच्या बाजारात लिलावाच्या आधी पोचवायचा. येडशीहून सोलापूर सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. माल भरून होईपर्यंत रात्रीचे तीन वाजायचे आणि मालकाचा निरोप यायचा, “चारच्या आत पोच.”

गेल्या वर्षी एका शाळेच्या बसवर चालकाची जागा निघाली. पगार बांधलेला, रात्री घरी झोपायला मिळणार, रविवारी सुट्टी. सूनबाईला दिवस गेलेले, त्यामुळे तिचा जीव त्या नोकरीत अडकला होता. पुतण्याकडे अवजड वाहनाचे लायसन होते, अनुभव होता, व्यसन नव्हते, आजवर गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. शाळेच्या माणसाने कागद बघितले, लायसनचा नंबर टाकून नोंद बघितली आणि कागद परत केले. “अतिवेगाचे चलान आहे तुमच्या नावावर. एक जरी असले तरी शाळेच्या बसवर घेता येत नाही,” एवढेच तो बोलला. उर्मटपणे नव्हे, नियम सांगावा तसा.

पोरगा घरी येऊन म्हणाला, “काका, दंड तर त्याच वेळी भरला होता. पावती हाय माझ्याकडं. मग अजून कशाची नोंद?”

हा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे सगळ्यांची हीच समजूत आहे की दंड भरला, पावती घेतली, विषय संपला. उत्तर शोधायला आम्ही गावातल्या एका जाणत्या वकिलाकडे दोन-तीन संध्याकाळी बसलो आणि कायद्याची कलमे समजून घेतली.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे कलम ११२ वेगाची मर्यादा सांगते आणि कलम १८३ ती मोडल्याची शिक्षा सांगते. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता. चहापाण्याला जातात तसे ते पैसे जात आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे. पण २०१९ साली कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून हे कलम कडक झाले. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि अवजड मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड झाला. महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. रक्कम वाढली हे सगळ्यांना कळले, कारण ती खिशातून गेली. त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी आल्या, त्या मात्र फारशा कुणाला कळल्या नाहीत.

पहिली गोष्ट अशी. अतिवेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा घडला तर नुसत्या दंडावर भागत नाही. लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायचे, असे कलम १८३ मध्येच लिहिले आहे. आरटीओ कलम १९ प्रमाणे चालकाचे म्हणणे ऐकून घेतो आणि पटले नाही तर तीन महिन्यांसाठी त्याला गाडी चालवायला अपात्र ठरवू शकतो. पुन्हा तशी वेळ आली तर लायसनच रद्द होऊ शकते. त्याच्याही आधी, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना सांगितले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, दारू पिऊन गाडी चालवणे अशा गुन्ह्यांत लायसन किमान तीन महिने निलंबित करा. नोकरदाराला तीन महिने गाडी चालवता आली नाही तर तो एसटीने कामावर जाईल. चालकाला तीन महिने गाडी चालवता आली नाही तर त्याच्या घरात तीन महिने पगार येणार नाही. कायद्याचा शब्द दोघांना एकच, पण मार सारखा बसत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर होती. जागेवर किंवा ऑनलाइन दंड भरणे याला कायद्यात तडजोड म्हणतात. ती कलम २०० मध्ये आहे. तडजोड झाली की त्या गुन्ह्याचा खटला मिटतो. पण २०१९ मध्ये त्या कलमाला जोड दिली गेली. तडजोड झाली तरी पुढचा गुन्हा दुसऱ्यांदा घडला की नाही हे ठरवताना हा पहिला गुन्हा मोजला जाईल, आणि लायसनवरची कारवाई दंड भरल्याने टळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. म्हणजे पैसे फिटतात, मोजणी फिटत नाही. सोसायटीचे कर्ज फेडले की दाखला देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घेता येतो. इथे दंडाची पावती दाखवून मागची गणती कमी होत नाही.

शाळेच्या बसचा नियमही वकिलांनी सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या आदेशातून पुढे आलेल्या शाळेच्या बसच्या अटींत असे आहे की अतिवेग, दारू पिऊन किंवा धोकादायक रीतीने गाडी चालवणे यासाठी एकदाही चलान झालेला चालक शाळेच्या बसवर नेमू नये. लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे अट कडक आहे हे आम्हाला पटले. आपली नातवंडे ज्या बसमध्ये बसतील तिच्या चालकाबद्दल आम्हीही हेच विचारले असते. ती नोकरी दुसऱ्या एका चालकाला मिळाली. तोही गरिबाचाच मुलगा आहे, त्याचे चांगले होवो.

पण मनात एक सल राहिला. ज्या वेगाची नोंद पुतण्याच्या नावावर बसली तो वेग खरे तर कोणाचा होता?

इथे चलान कसे होते ते थोडे सांगायला हवे. रस्त्याच्या कडेला बसवलेला कॅमेरा किंवा महामार्ग पोलिसांच्या गाडीतली लेझर स्पीडगन वेग मोजते, गाडीचा फोटो काढते आणि नंबरप्लेट वाचते. ते चलान गाडीच्या नंबरवर पडते आणि निरोप मालकाच्या मोबाईलवर जातो. कॅमेऱ्याला नंबरप्लेट ओळखू येते, चालक ओळखू येत नाही. पण पोलिसांनी गाडी थांबवली आणि लायसन मागितले तर त्याचा नंबर चलानात घेतला जातो, आणि नोंद थेट चालकाच्या नावावर बसते. पुतण्याच्या आयशरवर एकूण तीन चलाने होती. दोन कॅमेऱ्याची, ती गाडीवर. एक गाडी थांबवून केलेले, ते याच्या लायसनवर. पैसे मात्र तिन्हींचे याच्याच पगारातून कापले गेले. मालकाचा हिशेब सरळ होता, “गाडी तू चालवत होतास.”

कायद्याचा हिशेब इतका सरळ नाही. पोलिसांनी विचारले तर त्या वेळी गाडी कोण चालवत होते, त्याचे नाव, पत्ता आणि लायसन सांगणे हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे कॅमेऱ्याचे चलानही उद्या चालकाच्या नावावर येऊ शकते. तेव्हा ‘मालकाच्या गाडीवर आहे, आपल्याला काय’ असे म्हणून चालकाने निर्धास्त राहू नये. पण त्याच कायद्यात मालकासाठीही शब्द लिहिले आहेत. कलम १८३ म्हणते की जो मर्यादेबाहेर गाडी चालवतो तो गुन्हेगार, आणि जो आपल्या नोकराला तशी गाडी चालवायला लावतो तोही गुन्हेगार. पुढे त्याच कलमाचे चौथे पोटकलम आम्ही वकिलांना दोनदा वाचायला लावले. त्याचा अर्थ असा : अमुक वेळेत प्रवास पूर्ण करा असे वेळापत्रक कुणी काढले किंवा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्यच नाही असे न्यायालयाला वाटले, तर तो हुकूम हाच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा.

आता हिशेब मांडून पाहा. सोलापूरचे अंतर ऐंशीच्या पुढे. गाडी तीनला सुटते आणि चारच्या आत पोचायची आहे. मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारा वेगनियंत्रक बसवण्याचा नियम आहे. सबंध रस्ता मोकळा मिळाला, एकही नाका लागला नाही, एकदाही ब्रेक दाबला नाही, तरीही ऐंशीच्या वेगाने ती गाडी तासाच्या आत पोचत नाही. पुतण्याला विचारले तेव्हा कळले की त्या आयशरच्या वेगनियंत्रकाची वायर तो कामाला लागला तेव्हापासून काढलेलीच होती. म्हणजे ‘चारच्या आत पोच’ हा नुसता निरोप नव्हता. कायदा मोडण्याचा तो हुकूमच होता आणि बोजा चढला हुकूम पाळणाऱ्याच्या सातबाऱ्यावर.

हे कळल्यावर आम्ही उभयता आणि पुतण्या असे तिघे मालकाकडे गेलो. भांडायला गेलो नाही. आम्ही म्हणालो, “मालक, पोरगा तुमच्याकडे सहा वर्षे आहे. त्याने तुमचा एक कांदा इकडचा तिकडे केला नाही. पण ही वेळ जमणारी नाही. उद्या याचे लायसन गेले तर तुमची गाडी दारात उभी राहील.” आधी तो तापला. “जमत नसेल तर सांगा, ड्रायव्हर छप्पन मिळतील,” असे म्हणाला. पुतण्या गप्प उभा होता. आम्ही पुढे म्हणालो, “छप्पन मिळतील, पण त्या छप्पनांनाही तुमचा निरोप मोबाईलवरच जाईल. त्यात वेळ लिहिलेली राहते.” आणि वकिलांनी लिहून दिलेले पोटकलम त्याच्यापुढे ठेवले. त्याने कागद वाचला, घडी केली, खिशात घातला.

आठ दिवस काही कळले नाही. त्या आठ दिवसांत गाडीवर दुसराच चालक होता आणि आमच्या घरात चूल पेटत होती ती सूनबाईच्या शिलाईवर. नवव्या दिवशी निरोप आला. माल आता रात्री एकपासून भरायचा, गाडी दोनला सोडायची, वेगनियंत्रक जोडून घेतला आहे. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. लायसनवरची नोंदही तशीच आहे. तरी पुतण्या आता अंगावर ताण न घेता गाडी चालवतो, आणि बाजारात मालाला भाव पूर्वी मिळायचा तोच मिळतो. एका तासाचा प्रश्न होता. हमालांना थोडे आधी बोलावून तो सुटला.

घाईने खरोखर किती वेळ वाचतो याचा हिशेब आपण कधी करतो का? ऐंशी किलोमीटरचा पल्ला धरा. ताशी ऐंशीने एक तास लागतो. ताशी शंभरने अठ्ठेचाळीस मिनिटे. वाचली फक्त बारा मिनिटे, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. उलट बाजू पाहा. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे बावीस मीटर जाते, शंभरच्या वेगाने सुमारे अठ्ठावीस. समोर कुणी आले हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात सहा मीटर जास्त गेली, म्हणजे जवळजवळ आणखी एक आयशरभर अंतर. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आमच्या गावाला लागून रामलिंगघाटाचे अभयारण्य आहे. माकडे, मोर, रानडुकरे रस्ता ओलांडताना पाटी वाचत नाहीत. शेळ्या घेऊन जाणारी म्हातारीही वाचत नाही.

सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. शंभरातल्या एकाहत्तर मृत्यूंना कारण म्हणून अतिवेगाची नोंद झाली. मेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आणि त्यानंतर पायी चालणाऱ्यांचा. मोटारीत बसणारे त्यांच्या मागे आहेत. दुचाकीवर कामाला जाणारे आणि रस्त्याच्या कडेने पायी चालणारे म्हणजे आपणच की. म्हणून वेगाचा कायदा हा पोलिसांचा आणि पैसेवाल्यांचा मामला आहे असे कुणी समजू नये. तो आधी आपल्या जिवाचा मामला आहे. आमची तक्रार कायदा असण्याबद्दल नाही. हुकूम एकाचा आणि नोंद दुसऱ्याची, याबद्दल आहे.

परदेशात या नोंदीचा हिशेब गुणांनी ठेवतात. इंग्लंडमध्ये अतिवेगाला किमान शंभर पौंड दंड आणि लायसनवर तीन वाईट गुण बसतात. तीन वर्षांच्या आत बारा गुण जमले की गाडी चालवायला बंदी येऊ शकते. नवीन चालकाचे दोन वर्षांत सहा गुण झाले तर लायसन जाते. पण तिथे ते गुण चार वर्षांनी लायसनवरून उतरतात. म्हणजे माणूस सुधारला तर त्याला पुन्हा कोरी पाटी मिळते. अमेरिकेत अशा नोंदीवरून विमा कंपन्या हप्ता वाढवतात. आपल्याकडेही वाहतुकीचे गुन्हे आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालावी अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाच्या एका गटाने २०२१ साली केली होती. मोजणी करायचीच असेल तर ती उतरण्याची सोयही असावी, असे आम्हाला वाटते. चार-पाच वर्षे ज्याने एकही नियम मोडला नाही त्या चालकाला त्याचे श्रेय मिळायला हवे.

चांगल्या नोंदीची कदर आपल्याकडे अगदीच होत नाही असे नाही. एसटी महामंडळ वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार करते. ज्या घरातल्या माणसाला तो मिळाला त्या घरात त्याचा फोटो भिंतीवर लावलेला असतो. तो फोटो पदवीच्या फोटोइतकाच मोलाचा आहे. पंचवीस-तीस वर्षे रोज पन्नास माणसांचा जीव हातात धरून एकालाही ओरखडा येऊ न देणे ही लहान गोष्ट नाही.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो.

आपल्या गाडीवर चलान आहे का, हे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघता येते. महिन्यातून एकदा घरातल्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगा. चलान चुकीचे वाटले तर तिथेच तक्रार नोंदवता येते. आधी फोटो नीट बघा. गाडी आपलीच आहे का, नंबर बरोबर वाचला आहे का, तारीख आणि जागा जुळते का. कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. फोटो, मोजलेला वेग, दिवस, वेळ आणि ठिकाण चलानात असले पाहिजे, यंत्र तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे आणि कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर ठळक असली पाहिजे, असे त्यात आहे. आणि नुसत्या एका साक्षीदाराला ‘गाडी जोरात वाटली’ म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो, हेही कलम १८३ मध्येच आहे.

लायसनवर कारवाईची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका. म्हणणे मांडायचा हक्क कायद्याने दिला आहे, त्या तारखेला जा. हुकूम विरुद्ध गेला तर तीस दिवसांच्या आत अपील करता येते. मालकाने वेळेचा जो निरोप पाठवला असेल तो मोबाईलमधून पुसू नका.

जुनी मोटारसायकल घेताना आधी तिच्यावरची थकलेली चलाने बघा. विकताना गाडी घेणाऱ्याच्या नावावर करून द्या. नाहीतर वेग त्याचा आणि नोटीस तुमच्या दारात. चलान भरा म्हणून व्हॉट्सअॅपवर एखादी फाईल आली तर ती उघडू नका. तशा खोट्या फायलींनी लोकांची बँकेतली खाती रिकामी झाली आहेत.

आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देऊ नका. पोरगा मोठा झाला याचे कौतुक म्हणून बाप चावी देतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. ज्या घरात लायसन हाच सातबारा, त्या घरातल्या मुलाची कमावती सात वर्षे एका चक्करेपायी जातात.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातली. घाईचा हुकूम फक्त मालकच देतो असे नाही. घरूनही तो जातो. गाडी चालवणाऱ्याला दर अर्ध्या तासाने फोन जातो, “कुठवर आलास? अजून तिथंच?” वऱ्हाडाच्या टेम्पोत तर प्रत्येक जण मालक होतो. “हाण की जरा, लग्न लागून जाईल,” असे मागून ओरडतात. आपल्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात मुहूर्त नसतो, वधू-वर आणि पाहुणे जमले की विधी होतो. मग अर्धा तास उशीर झाला तर बिघडते काय? मुहूर्त सोडला तशी त्याच्यामागची धावपळही सोडायला हवी. आणि मालवाहू टेम्पोत वऱ्हाड कोंबणे तर कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही.

आमच्या सूनबाईने आता फोन करणे सोडले आहे. पुतण्याच वाटेत गाडी उभी केली की फोन करतो. कुठवर आलास हे ती विचारत नाही. “सावकाश या, भाकरी झाकून ठेवलीय,” एवढेच म्हणते. प्रत्येक चालकाच्या घरातून एवढेच शब्द जावेत, अशी आमची विनंती आहे.